ठिबकच्या जुन्या नळ्यांचा वड करतेय, सगळे म्हणतात 'टाकाऊतून टिकाऊ' छान आहे

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

मी सांगलीकडची. शिल्पकलेचा डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली, गणपतीच्या सीझनला मूर्तीकाम, लग्नसराईत स्टेजचं डेकोरेशन, मधल्या काळात घरच्यांची बोलणी असं चालू असतं. तर आमच्याकडे जानेवारीत एक कृषी प्रदर्शन भरतं, आणि यंदा त्यांनी गेटजवळची पंधरा बाय पंधरा फुटांची जागा मला दिलीये, 'काहीतरी निसर्गाचं कर, कचऱ्यातून कर, पेपरात फोटो येईल' असं सांगून. मला आधी वाटलं बाटल्यांचा मोर-बिर मागतायत की काय, पण विषय माझ्यावर सोडलाय.

आयडिया मिळाली ती मामाच्या द्राक्षबागेत. बांधाला ठिबकच्या जुन्या नळ्यांचा ढीग पडलेला असतो ना, तोच. काळ्या, मातकट, एकमेकीत गुंतलेल्या, कुठं उंदरांनी कुरतडलेल्या, आणि प्रत्येक ड्रिपरच्या भोकाभोवती क्षारांचा पांढरा खरपुडा. मी सहज चार नळ्या उचलून शेडच्या अँगलला टाकल्या, मागं सरकले आणि अंगावर काटाच आला, कारण त्या नळ्या राहिल्याच नव्हत्या, पारंब्या झाल्या होत्या. तो पांढरा खरपुडा लांबून सालीवरच्या दगडफुलासारखा दिसतो, खरंच.

आणि वड म्हटलं की आमच्याकडं लगेच भोसेचा वड आठवतो. मिरज तालुक्यातला, यल्लम्मा मंदिराजवळचा, चारशे वर्षांचा म्हणायचे. रत्नागिरी-नागपूर हायवेत जाणार होता, २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवला आणि रस्ता थोडा सरकवून तो वाचवला, आणि एवढं करून नंतर पावसात तो आपला आपण कोसळला. मी शाळेत असताना त्याच्या पारंब्यांना लोंबकळलेय. म्हणून ठरवलं की खोड करायचंच नाही, फक्त वरून सुटलेल्या पारंब्या, माणसांनी त्यातून चालत जायचं, आणि मधोमध जिथं खोड असायला पाहिजे तिथं मोकळी जागा.

आता अडचणी. ग्रुपमधल्या सगळ्यांनी स्केच बघून 'वा, टाकाऊतून टिकाऊ' म्हटलं आणि माझं तोंड उतरलं, कारण मला ते तसं वाटत नाही पण का नाही ते सांगताही येत नाही. दुसरं, एवढ्या नळ्या बारा फुटांवर टांगायच्या कशा, वारं आलं तर? तिसरं म्हणजे पैसे. आयोजक म्हणतात, 'मटेरियल तर फुकटच आहे की, मग खर्च कसला?' आणि असं काम करणारे कोण कोण आहेत, कुणाचं बघू तेही सांगा. पिंटरेस्टवर सगळी बाटल्यांची फुलंच येतात.

जुना_ब्रश

बेटा, 'टाकाऊतून टिकाऊ' ह्या गुन्ह्यातला मी मुख्य आरोपी. एकतीस वर्षं कलाशिक्षक होतो, दर वर्षी आइस्क्रीमच्या काड्यांचं घर आणि बाटलीची फुलदाणी तपासून मार्क दिलेत. त्यामुळे फरक काय तो मीच सांगतो.

शाळेतल्या त्या प्रकारात वस्तू लपवायची असते. बाटलीला सोनेरी रंग मारायचा, लेस चिकटवायची, आणि पाहुण्या बाई 'अय्या, ही बाटली वाटतच नाही!' म्हणाल्या की पहिला नंबर. तुझ्या कामात उलटं आहे. नळी नळीच दिसली पाहिजे आणि तरी पारंबी वाटली पाहिजे, दोन्ही एकाच वेळी. ज्या क्षणी तू तिला तपकिरी रंग मारशील त्या क्षणी ती लेस लावलेली बाटली झाली. म्हणून रंगाचा डबा घरीच ठेव, हात जोडून सांगतो.

बघायचं म्हणशील तर एकदा तरी चंदीगडचं रॉक गार्डन बघून ये. नेकचंद हा सरकारी बांधकाम खात्यातला रोड इन्स्पेक्टर. नवं चंदीगड उभारायला जी गावं पाडली त्यांचं भंगार, फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, विजेचे सॉकेट हे सगळं सायकलवरून नेऊन जंगलात गुपचूप रचत बसला, १९५७ च्या सुमारापासून. सरकारला पत्ता लागेपर्यंत अठरा-एक वर्षं गेली. पाडायचं सोडून १९७६ मध्ये लोकांसाठी उघडलं, आणि १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. मी १९९१ साली गेलो होतो सहलीला, पोरं माकडासारखी पळत होती आणि मी एका बांगड्यांच्या बाईसमोर उभा. निळ्या, हिरव्या, लाल काचा. एवढ्या बांगड्या कुणाच्या हातात फुटल्या असतील, हाच विचार डोक्यात. हे रंगवलेल्या बाटलीसमोर होत नाही.

दुसरं नाव एल अनात्सुई. घानाचे, पण आयुष्य गेलं नायजेरियात न्सुक्का गावी शिकवण्यात. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची बुचं चेपून तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडतात आणि त्याचे भिंतभर पडदे होतात, लांबून जरीचं वस्त्र वाटतं, कधी डोंगरउतार वाटतो. जवळ गेलं की दारूच्या ब्रँडची नावं वाचता येतात, आणि ती दारू युरोपातून आफ्रिकेत गुलामांच्या व्यापारासोबत कशी आली तो इतिहास आपोआप डोक्यात येतो. २०१५ मध्ये व्हेनिस बिनालेत, म्हणजे तिथं दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, जीवनगौरवाचा गोल्डन लायन मिळाला त्यांना. तुझ्या नळीलाही असा इतिहास आहे, तो पुसू नकोस म्हणजे झालं.

मिरज_फॅब

ताई, कलेतलं मला कळत नाही, पण टांगायचं कसं ते सांगतो, आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे.

पहिलं काम, एक मीटर नळी कापून किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. सोळा एमएमची जाड नळी असेल तर चाळीस ग्रॅमच्या आसपास भरेल, पातळ असेल तर कमी. म्हणजे पाचशे मीटर नळी लावली तरी वीस-बावीस किलो, काहीच नाही. पण आतला गाळ काढला नाही तर हाच हिशोब दुप्पट होतो, आणि टांगल्यावर आतली माती खाली लोकांच्या डोक्यावर पडत राहते ते वेगळंच. दोन्ही तोंडं उघडी ठेवून प्रेशरच्या पाण्यानं मारून घ्या. हातमोजे घाला बरं का, त्यातून खतं गेलेली असतात, कुणी औषधंही सोडतं, आणि तुमच्या पारंब्यांना पोरं लोंबकळणार हे मी आत्ताच लिहून देतो.

लोंबकळणार म्हणून वजनाचा हिशोब नळीचा करायचाच नाही, पोरांचा करायचा. चार कोपऱ्याला एमएस म्हणजे साध्या लोखंडी पाइपचे खांब, वर चौकट, चौकटीत वेल्डमेश म्हणजे वेल्ड केलेल्या तारांची जाळी, जाळीला नळ्या. खांबाचं बूड तेलाच्या टिपाडात काँक्रीट भरून बसवा, खड्डा खणायला तिथं परवानगी मिळत नाही, आणि चारही बाजूंनी तारेचे ताण द्या. आणि नळ्या मुद्दाम अशा बांधा की जोरात ओढली तर गाठ सुटून नळी हातात यावी, चौकट खाली येऊ नये. हे सगळ्यात महत्त्वाचं.

पांढरे झिप टाय घेऊ नका, उन्हात महिन्या-दोन महिन्यात कडकड मोडतात, काळे घ्या. स्लॅबवाले वापरतात ती बाइंडिंग वायर पण नको, गंजून तिचे लाल ओघळ येतात, जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली वायर घ्या. नळ्या वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवल्या असतील तर वेटोळं जाणार नाही, त्याला सोपा उपाय म्हणजे दुपारच्या उन्हात पसरायच्या, काळ्या असल्यानं लगेच तापून मऊ पडतात, मग दोघांनी दोन टोकं धरून ताणायच्या. शेतकऱ्याला विचारा, तो हेच करतो. आणि लाइट लावणार असाल तर फक्त एलईडी. हॅलोजन अजिबात नको, हे प्लास्टिक पेटलं की मेणबत्तीसारखं जळत जळत खाली ठिबकतं.

खवचट_पुणेकर

सगळं छान चाललंय, त्यात मिठाचा खडा टाकतो.

प्रदर्शन संपल्यावर ह्या वडाचं काय होणार? आमच्या भागात चौकात भंगाराचा एक पक्षी बसवला होता, नटबोल्ट, चेन, सायकलचे गिअर वगैरे. उद्घाटनाला फुगे. सहा महिन्यात गंजला, एका पंखात कुणीतरी गुटख्याच्या पुड्या कोंबल्या, आता तो स्वतःच कचरा आहे आणि उचलायचा कुणी यावर फाइल फिरतेय. दिल्लीत सराय काले खांला २०१९ मध्ये वेस्ट टू वंडर पार्क केलं, दीडशे टन भंगारातून ताजमहाल, आयफेल टॉवर, पिरॅमिड. बघायला गर्दी होते, मी पण गेलो, फोटो काढले, खोटं कशाला बोलू. पण आयफेल टॉवर भंगाराचा आहे म्हणून मला भंगाराबद्दल किंवा आयफेल टॉवरबद्दल नवीन काय कळलं? शून्य. आता प्रत्येक नगरपालिकेला असा सेल्फी पॉइंट हवाय आणि तरुण कलाकार त्या ठेक्यांच्या मागे.

आणि पर्यावरण वगैरे म्हणणार असाल तर पाचशे मीटर नळीनं जगाचा कचरा किती कमी होतो ते पण सांगा.

कृष्णाकाठची

@खवचट_पुणेकर कचरा कमी होतो असं मी कुठं म्हटलंय हो? मामाचा एका एकराचा ढीग पण संपत नाही त्यात. पण नंतर काय हा प्रश्न खरा आहे, मी विचारच केला नव्हता. प्रदर्शन पाच दिवसांचं आहे.

@मिरज_फॅब दादा, सुटणारी गाठ ही आयडिया भारी. पत्ता मेसेज करा, चौकट तुमच्याकडूनच करून घेते, फक्त पैशाचं जरा थांबावं लागेल.

सिडनीकर_अनु

मी मूळची इचलकरंजीची, बारा वर्षं झाली इकडे येऊन. तुझं वाचून एकदम घोस्ट नेट आठवले.

म्हणजे काय तर मासेमारीच्या मोठ्या बोटी तुटलेली जाळी समुद्रात सोडून देतात, ती वाहत वाहत ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याला लागतात आणि कुणी धरणारा नसताना मासे, कासवं मारत राहतात, म्हणून भुताची जाळी. तिकडे टोरेस स्ट्रेटमध्ये एरुब नावाचं छोटं बेट आहे, आणि केप यॉर्कला पोर्मपुराव म्हणून वस्ती आहे, तिथले मूळनिवासी कलाकार हीच जाळी विणून कासव, शार्क, मगर असे मोठमोठे प्राणी करतात. २०१६ मध्ये मोनॅकोच्या समुद्र-संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. मी इथे एका प्रदर्शनात बघितलं, छताला टांगलेलं कासव, हिरव्या नायलॉनच्या दोऱ्यांचं, आणि पोटाखाली गेलं की वर नुसत्या गाठी गाठी गाठी. माझी आजी वाकळ शिवायची ना, तसे टाके, अगदी घट्ट पण ओळीत न येणारे.

मला त्यात भिडलं ते हे की ज्या जाळ्यानं कासव मरतं त्याच जाळ्याचं कासव, आणि करणारी माणसं त्याच समुद्राची. ही गोष्ट त्यांचीच आहे, दुसऱ्या कुणी केली असती तर नुसती हुशारी वाटली असती. पोर्तुगालचा बोर्दालो सेगुंदो पण असाच, लिस्बनचा, १९८७ चा जन्म. गाड्यांचे बंपर, फुटके डस्टबिन, टायर भिंतीवर ठोकून अस्वल, कोल्हे, पक्षी करतो, म्हणजे ज्या कचऱ्यानं प्राण्यांची वाट लागते त्याचेच प्राणी. काही कामांत अर्धा प्राणी रंगवतो आणि अर्धा कच्चा ठेवतो, त्या जोडावर उभं राहिलं की डोळ्याला चैन पडत नाही.

तुझ्या वडाचं मला विचारशील तर तुला कदाचित कळलेलं नाही की तू काय पकडलंयस. पारंबी खाली पाणी शोधत येते. आणि ठिबकची नळी म्हणजे पाणी थेंबाथेंबानं मोजून देणारी. आपल्याकडे एका तालुक्यात टँकर आणि शेजारच्या तालुक्यात महापूर. २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं, माझा भाऊ चार दिवस दुसऱ्या मजल्यावर अडकला होता. त्या मातीतल्या नळ्यांचा कोरडा वड, हे सिडनीतल्या कुणाला सुचणार नाही गं.

रद्दीतली_माणसं

मी पुण्यात कचरावेचक बायकांच्या संघटनेच्या कामाला हातभार लावते, तिथल्या अनुभवातून दोन गोष्टी.

आयोजकांना सांग की भंगार फुकट नसतं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून हेच सांगतेय की ज्याला तुम्ही कचरा म्हणता तो कुणाच्या तरी चुलीचा पैसा आहे. ठिबकच्या नळीला तर भंगारात चांगली मागणी असते, ती वितळवून दाणा करतात आणि परत पाइप निघतो. तू ती कामासाठी अडवून ठेवतेयस, हे लक्षात ठेव. वाईट नाही ते, पण उधारी आहे.

आणि खवचट दादांच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. नळीवर रंग चढवलास, एम-सील लावलंस, वर चकाकी मारलीस, तर ती नळी कुणी घेणार नाही, मग खरंच कचरा झाला. (तसाही ह्या प्लास्टिकवर रंग टिकत नाही, पोपडे निघतात.) नुसती बांधलीस तर सहाव्या दिवशी तारा कापायच्या आणि सगळं तसंच्या तसं भंगारवाल्याकडे. तुझा वड पाच दिवस उभा राहील आणि मग परत कुणाच्या तरी बागेत नळी होऊन जाईल, यात मला तरी काही कमीपणा वाटत नाही.

मल्चिंग पेपर (वाफ्यांवर अंथरतात तो प्लास्टिकचा कागद) किंवा शेडनेट (सावलीची हिरवी जाळी) घालायचा मोह होईल, पानं म्हणून. नको. मल्चिंग पेपर उन्हानं एवढा कुजकट झालेला असतो की वाऱ्यावर तुकडे सुटतात आणि शेजारच्या शेतात जातात. नळी काळी असते ती कार्बन ब्लॅकमुळे, म्हणून उन्हाला टिकते, जुन्या मल्चिंगमध्ये तो दम उरलेला नसतो.

अजून एक, विवान सुंदरम यांचं 'ट्रॅश' शोधून बघ, २००८ चं. दिल्लीत कचरावेचकांबरोबर काम करून स्टुडिओच्या जमिनीवर कचऱ्याचं अख्खं शहर मांडलं होतं आणि वरून फोटो काढले. मांडलं, फोटो काढले, मोडलं. मोडणं पण कामाचाच भाग धरता येतो.

परळचा_बाळ्या

पैशाचं कुणीच नीट बोललं नाही म्हणून मी बोलतो. मी मुंबईत इव्हेंटची आणि आर्ट फेस्टिवलची उभारणी करतो, पहिल्या कामात माझीपण अशीच लागली होती. एका ठिकाणी चार रात्री जागून काम उभं केलं आणि शेवटी हातात काय तर मोमेंटो आणि शाल. शाल अजून आहे, आई इस्त्रीच्या टेबलावर टाकते.

कोटेशनमध्ये मटेरियलच्या रकान्यात शून्य लिही, बिनधास्त. मग खाली लिही: नळ्या गोळा करणं आणि टेम्पो, धुणं आणि सरळ करणं (दोन माणसं, इतके दिवस), फॅब्रिकेशन, उभारणी, पाच दिवसांची देखरेख, उतरवणं आणि वाहतूक, आणि सगळ्यात खाली डिझाइन फी, वेगळी ओळ, तुझं नाव घालून. लोक उतरवण्याचे पैसे कधीच धरत नाहीत आणि तिथेच मरतात, कारण शेवटच्या दिवशी मांडववाला ओरडत असतो आणि आयोजक फोन उचलत नाही. निम्मे ॲडव्हान्स घेतल्याशिवाय एक नळी उचलू नको. व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घे.

आणि काम झालं की फोटो नीट काढून घे, मोबाइलवर नाही, कॅमेरावाला मित्र पकड, सकाळी सातच्या उन्हात. काळा घोडा फेस्टिवल मुंबईत जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास असतो, इन्स्टॉलेशनसाठी, म्हणजे तुझ्यासारख्या जागा व्यापून मांडलेल्या कामांसाठी, आधी अर्ज मागवतात. गोव्यात पणजीला डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिवल असतो. तू शिकत असतीस तर कोचीच्या बिनालेबरोबर स्टुडंट्स बिनाले असतं ते सांगितलं असतं, तुझ्या ज्युनिअर पोरांना सांग. अर्जात निबंध लिहू नको. तो शेडच्या अँगलला टाकलेल्या चार नळ्यांचा पहिला फोटो असेल तर तोच लाव वर.

जुना_ब्रश

@खवचट_पुणेकर तुमचा मिठाचा खडा चांगला लागला हो, मी उगाच रागावलो होतो वाचताना.

बेटा, मधली मोकळी जागा ठेवतेयस ते फार आवडलं. तिथं बोर्ड लावू नकोस 'झाडे लावा झाडे जगवा' असा. आयोजक आग्रह करतील, मी ओळखतो त्यांना.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार, रात्री दोनदा वाचलं.

अपडेट: कोटेशन दिलं, बाळ्यादादा म्हणाले तसंच, मटेरियल शून्य आणि खाली सात ओळी. अध्यक्षांनी चष्मा वर करून विचारलं, 'धुण्याचे एवढे?' मी म्हटलं, काका, उद्या बागेत या, एक वेटोळं तुम्ही धुऊन दाखवा. हसले, थोडी घासाघीस केली, पण ॲडव्हान्स दिला. बोर्डाचं बोलणं निघालंच, ब्रश सर, तुम्हाला सगळं माहितीये. 'झाडे लावा' नाही, स्पॉन्सरचा आहे, आणि तो त्यांना मधल्या मोकळ्या जागेतच हवाय. त्यावर अजून भांडण चालू आहे.

रविवारी मी, आई आणि दोन मैत्रिणी मिळून नळ्या धुतल्या. मधूनच एकीतून वाळलेली गोगलगाय निघाली, एकीतून मुंग्यांची अंडी, आणि एका नळीवर बोट ठेवून मामा म्हणाला ही २०१२ ची, त्या दुष्काळात बाग टँकरच्या पाण्यावर ह्याच नळीनं जगवली होती. मी विचारलं तुला कसं ओळखू येतं, सगळ्या सारख्याच तर काळ्या आहेत. म्हणाला, दर दोन फुटांवर गाठ बघ. आणि खरंच, त्या नळीला फाटलेल्या जागी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून बांधल्या होत्या, एकूण अकरा. नवीन नळी घ्यायला पैसे नव्हते तेव्हा.

ती नळी मी मधोमध लावणारे, एकटी, जमिनीला टेकेल अशी. ट्यूबच्या गाठी तशाच ठेवून. मामाला विचारलं सहाव्या दिवशी ही पण भंगारात देऊ का, तर तो काही बोलला नाही, उठून मोटर बंद करायला गेला. ही सुटणाऱ्या गाठीनं बांधू का पक्की, @मिरज_फॅब दादा?

मिरज_फॅब

ती पक्की बांधा. तेवढ्या एकीला मी वरून वेगळा हुक वेल्ड करून देतो, त्याचे पैसे नकोत.